‘परदेशी भाषेसाठी एक कॉलेज सांगून द्या’

मे महिना उजाडला आणि बारावीच्या निकालाची चाहूल लागली की नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो: मुलीला किंवा मुलाला परदेशी भाषा शिकायची आहे, तर चांगले कॉलेज कोणते? पूर्वी तो वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या पालकाकडून यायचा. आता इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटू लागले. त्यासाठी एका मुलीची हकीकत निवडली आहे. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि पाच भेटींतले बोलणे येथे मोजक्या प्रसंगांत आणले आहे.

तिला मृण्मयी म्हणू. वाणिज्य शाखेतून बारावी झालेली ही मुलगी वडिलांबरोबर आली, तेव्हा वडिलांच्या हातात एक लांब वही होती. ते आयुष्यभर लेखा विभागात काम केलेले गृहस्थ. वहीत चौदा संस्थांची नावे आणि प्रत्येकीपुढे फी, वसतिगृह, नागपूरपासूनचे अंतर आणि प्लेसमेंट असे रकाने आखलेले. दिल्लीचे जेएनयू, हैदराबादचे इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचे विद्यापीठ), शांतिनिकेतनचे विश्वभारती, पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, सगळे होते. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील रानडे भवन यांची मात्र त्यांनी एकच नोंद करून टाकली होती. ही गल्लत अनेक पालक करतात, म्हणून मुद्दाम सांगते.

‘मॅडम, माहिती सगळी काढून आणली आहे. तुम्ही फक्त यातलं एक नाव सांगून द्या. पोरगी तर काही बोलूनच नाही राहिली.’

मी मृण्मयीला विचारले, ‘भाषा कोणती?’

उत्तर वडिलांनी दिले. ‘जपानी म्हणते. पण जर्मनला स्कोप जास्त आहे ना?’

कॉलेजच्या प्रश्नाआधी भाषेचा प्रश्न येतो आणि भाषेच्या आधी हेतूचा, हा क्रम बहुतेक घरांत उलटा झालेला असतो. त्याच आठवड्यात एक मुलगा जर्मन भाषेच्या पदवीची चौकशी करत आला होता. त्याला खरे म्हणजे जर्मनीत यंत्र अभियांत्रिकी शिकायची होती, कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, हे त्याने ऐकले होते. ते खरेच आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1500 युरो भरावे लागतात. पण त्यासाठी जर्मनमध्ये बी.ए. करण्याची काहीच गरज नाही. भाषा किती येते हे मोजणाऱ्या, ए1 पासून सी2 पर्यंतच्या सहा पायऱ्यांपैकी अभ्यासक्रमाला लागेल तेवढ्या पायऱ्या चांगल्या वर्गात चढता येतात. भाषेची पदवी घ्यावी ती त्या भाषेचे साहित्य, समाज, भाषांतर किंवा अध्यापन यांत मुरायचे असेल त्याने. भाषा हे साधन असेल तर वर्ग पुरतो. एवढा एक भेद ध्यानात आला की निम्म्या पालकांची वही तिथेच मिटते.

मृण्मयीची मिटली नाही. तिने कोणाला न सांगता हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन्ही लिप्या गिरवल्या होत्या, आणि मोबाइलवरून एका ऑनलाइन वर्गालाही जात होती. तिला भाषेतच राहायचे होते. तरी दुसऱ्या भेटीत, वडील बाहेर बसलेले असताना, ती म्हणाली, ‘पुणं नको.’ कारण विचारले तर गप्प. पुढच्या भेटीतही तेच. दिल्ली चालेल का, तर चालेल. पण दिल्लीचा रस्ता त्या वर्षापुरता बंद होता. जेएनयूच्या पदवीचे प्रवेश 2022 पासून सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतात आणि तिने तो अर्जच भरला नव्हता. (निकालानंतर येणाऱ्या पालकांना मी दर वर्षी हेच सांगते, की ही चौकशी अकरावीत करा. दर वर्षी ते निकालानंतरच येतात.)

तिसऱ्या भेटीच्या शेवटी गाठ सुटली. ऑनलाइन वर्गात बहुतेक मुले पुण्या-मुंबईची. एकदा शिक्षिकेने विचारले, तेव्हा ही म्हणाली, ‘मी अजून लिहून राहिली.’ कोणीतरी हसले, आणखी कोणीतरी ते वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवले. त्या दिवसापासून तिने कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद ठेवले होते.

‘ज्याला मराठीच धड बोलता येत नाही, त्याला जपानी काय येणार, मॅडम?’

नागपुरी बोलीत उणे काही नाही, असे व्याख्यान माझ्या ओठांवर आले होते. मी स्वतः नागपूरच्या महाल भागात वाढलेली, त्यामुळे ते व्याख्यान मला चांगले जमतेही. पण मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर माझी घडण झाली आहे, आणि समोरच्याला पटवून देण्याचा मोह झाला की आपण त्याचे ऐकणे थांबवले आहे असे समजावे, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडले आहे. मी एवढेच म्हटले, ‘मला जपानीचा गंध नाही. पुढच्या वेळी मला एक वाक्य शिकव. शब्दाशब्दाचा अर्थ सांग.’

पुढच्या भेटीत तिने कागदावर जपानी अक्षरे काढली आणि खाली देवनागरीत लिहिले, ‘ताबेते इमासु’. म्हणजे ‘मी खाते आहे.’ मी शब्द वेगळे करायला सांगितले. ‘ताबेते म्हणजे खाऊन,’ ती म्हणाली, ‘आणि इमासु म्हणजे असणं... किंवा राहणं...’ आणि ती थांबली. पेन्सिल हातातच राहिली. कूलरचा आवाज तेवढा चालू होता. मला काय चालले आहे ते कळले नव्हते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून बोलू नये एवढे कळले.

‘खाऊन राहिली,’ ती हळूच म्हणाली. ‘मॅडम, हे तर आपलंच आहे.’

मग ती थांबेचना. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन पाहणे’, मिरु म्हणजे पाहणे. क्रियापद दोन्हीकडे वाक्याच्या शेवटी, आणि आपल्या ‘ला’, ‘त’, ‘हून’सारखे शब्द दोन्हीकडे नामाच्या मागून. शेवटी ती हसायलाच लागली. ‘बाबा सगळ्यांना म्हणतात ना, सांगून द्या? ओशिएते कुदासाइ. ओशिएते म्हणजे शिकवून, सांगून. कुदासाइ म्हणजे द्या. शब्दाला शब्द!’

जे वाक्य तिला वर्गात लाजवून गेले होते, त्याची घडण प्रमाण मराठीतल्या ‘लिहिते आहे’पेक्षा जपानीच्या अधिक जवळची निघाली. मराठी आणि जपानी ही वेगळ्या कुळांतली, त्यामुळे हे नाते रक्ताचे नव्हे, रचनेतल्या साम्याचे आहे; आणि पुढे कांजी म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या 2136 नित्योपयोगी चिन्हांचा डोंगर उभाच आहे, हेही तिला ठाऊक होते. पण हा शोध तिने स्वतः लावला होता. मी ते व्याख्यान दिले असते, तर ती ‘हो मॅडम’ म्हणून घरी गेली असती आणि माइक बंदच राहिला असता. माझ्या कामातल्या ज्या थोड्या क्षणांविषयी मला समाधान वाटते, त्यांत त्या दिवशीचे माझे गप्प बसणे आहे.

पाचव्या भेटीत वडिलांना आत बोलावले. त्यांचा प्लेसमेंटचा रकाना मला सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो, कारण तो आकडा सहसा सगळ्या संस्थेचा असतो. भाषा विभागातली दहा-बारा मुले पुढे कुठे गेली, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी थेट विभागात फोन करून विचारावे, असे मी सुचवले. पदवी शून्यापासून सुरू होते का, की प्रवेशालाच भाषा यावी लागते? आठवड्याला प्रत्यक्ष भाषेचे तास किती? भाषा मुख्य विषय आहे, की बी.ए.च्या सहा विषयांतला एक? तिसऱ्या वर्षाअखेरीस मुले जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची कोणती पातळी गाठतात? ही परीक्षा एन5 पासून एन1 पर्यंत चढत जाते, आणि निव्वळ एन5वर तीन वर्षे संपत असतील तर तो अभ्यासक्रम छंदवर्गापेक्षा फार वेगळा नाही. शिवाय या परीक्षेत शब्दसंपदा, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते, बोलणे तपासले जात नाही. म्हणून वर्गात बोलायला किती मिळते, हे वेगळे विचारावेच लागते.

‘आणि आता मोबाइलच भाषांतर करून देते, त्याचं काय?’ त्यांनी विचारले. रास्त शंका आहे. साध्या पत्राचे भाषांतर करून पोट भरण्याचे दिवस खरोखरच सरत आले आहेत. म्हणून भाषेबरोबर दुसरे एखादे अंग असावे, असे माझे मत आहे. मृण्मयीकडे वाणिज्याचा पाया होता; जपानी ग्राहकांशी हिशेब आणि करार यांविषयी बोलू शकणारी व्यक्ती ही केवळ भाषा येणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळी ठरते. हे ऐकताना लेखा विभागातल्या त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच वहीतून मान वर केली.

पुढचे आठ दिवस ते फोन करत होते. प्लेसमेंटचा रकाना खोडून त्यांनी ‘आठवड्याचे तास’ असा नवा रकाना आखला, आणि ज्या संस्थांना ते सांगता आले नाही त्यांच्यावर तांबड्या पेनने रेघ मारली. तीन नावे उरली, त्यांतली दोन पुण्याची. निवड मृण्मयीने केली. जुलैत पुण्याच्या रात्रीच्या गाडीत बसण्याआधी तिने फोन केला. मागे स्टेशनवरचा गलका होता आणि वडील कोणाला तरी विचारत होते, ‘अहो, एस-चार डबा कुठे लागते, जरा सांगून द्या.’

‘ऐकलं का, मॅडम?’ ती म्हणाली.