ओलं कोण, पीप की उंदीर?

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तासिका तत्त्वावर का होईना, वर्ग मिळाला, बरं वाटलं. ‘पोरं बोलतच नाहीत’ म्हणतोस. अरे, बोलतील कशी? ‘कवीला काय म्हणायचंय?’ असं विचारलंस की त्यांना पक्कं ठाऊक असतं, उत्तर सरांच्या खिशात आहे, गाईडातही आहे. मग तोंड कशाला उघडायचं?

मीही कितीतरी वर्षं हेच केलं. मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ घेताना फळ्यावर ‘महायुद्ध, यंत्रयुग, हतबलता’ लिहून मोकळा व्हायचो. एकदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, ओलं कोण? पीप की उंदीर?” ‘ते सोड’ म्हणून मी पुढे गेलो. तो मुलगा पुन्हा वर्षभर बोलला नाही. अजून टोचतं ते.

कारण प्रश्न नेमका होता. व्याकरणाने ‘ओल्या’ पिपालाच लागतं. उंदीर असते तर ‘ओले’ झाले असते. पण शब्द बसवलाय उंदरांच्या अंगाला चिकटून, त्यामुळे कानाला ओले वाटतात ते उंदीरच.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न वर्गात टाकला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. आधी शांतता. (ही शांतता सोसायला शीक. मनात वीस आकडे मोज, पण स्वतः उत्तर देऊ नकोस.) मग ‘ओल्या’वरून दोघांची जुंपली. किराणा दुकानवाल्यांची एक मुलगी म्हणाली, “पीप आतून ओलं असलं की उंदराचे पाय घसरतात, वर येताच येत नाही.” मागून कोणीतरी म्हणालं, “पण पुढची ओळ आहे ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’. माना तर मुरगळल्याच नाहीत, मग मारलं कोणी?” माझ्या नोट्समध्ये हा प्रश्नच नव्हता.

एक सवय मात्र मोड. पोरगं बोललं की आपण लगेच ‘बरोबर’ म्हणतो, आणि बाकीचे वह्या मिटतात. त्याऐवजी ‘कुठल्या ओळीवरून म्हणतोस?’ एवढंच विचार. नुसत्या गप्पा होत असतील तर त्याही याने आवरतात.

पोर्शनचं म्हणशील, तर सत्रात दोनच कविता अशा घे. बाकीच्यांच्या नोट्स झेरॉक्सला दे, मीही दिल्यात.

पुढच्या आठवड्यात कुठली कविता आहे? तुला स्वतःला न कळलेली एक ओळ तिच्यातून काढून मला पाठव.

तुझा,
सर