घाटमाथा, निफाडची थंडी आणि नागपूरचे ऊन

प्रश्न (वाई): महाबळेश्वर आमच्यापासून जेमतेम तीस किलोमीटर. तिथे धो-धो कोसळतो आणि आम्हाला मोजकाच पाऊस, असे का?

उत्तर: मध्ये सह्याद्रीची धार आहे ना! अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे घाटाला भिडतात आणि त्यांना वर चढावेच लागते. चढणारी हवा पसरते, गार होते आणि तिच्यात न मावणारे बाष्प पाऊस होऊन कोसळते. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर, अगदी धारेवरच. तिथे वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पूर्वेकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, कोरडी होते. म्हणून पाचगणीपर्यंत येतानाच पाऊस निम्म्याहून कमी होतो, वाईत आणखी घटतो आणि पुढे माणदेशात ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. ‘यंदा पाऊस रुसला’ असे तिथे म्हणतात तेव्हा वाईट वाटते, कारण दोष एखाद्या वर्षाचा नसतो, जागेचा असतो. माणमध्ये बांधबंदिस्ती आणि पाणी मुरवण्याची कामे कोकणापेक्षा कितीतरी जास्त मोलाची आहेत ती याचमुळे.

प्रश्न (निफाड): उंचावर गारवा असतो असे शाळेत शिकलो. मग डिसेंबर-जानेवारीत कित्येकदा महाबळेश्वरपेक्षा आमच्याकडे पारा खाली कसा?

उत्तर: शाळेत शिकलात ते बरोबरच आहे. दर किलोमीटर उंचीला सरासरी ६.५ अंश तापमान उतरते. पण निरभ्र, निवांत रात्री हिशेब उलटतो. जमीन उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गारठते आणि जड होऊन सखल भागात साचते. निफाड गोदावरीच्या खोऱ्यात, हवा कोरडी, शिवाय उत्तरेचे थंड वारे इथवर पोचतात. खुद्द महाबळेश्वरातही हेच दिसते: दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागातून, गावातून क्वचितच. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, ते या साचलेल्या गारठ्यावरच.

प्रश्न (नागपूर): मुंबईच्या मे महिन्याला लोक कंटाळतात. आमच्या ४३ अंशांपुढे ते काय?

उत्तर: सूर्य दोन्हीकडे मे महिन्यातच डोक्यावर येतो, मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात अखेरीस. फरक समुद्राचा. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते, आणि दुपारचे खारे वारे मुंबईला ३३-३४ अंशांवर रोखतात. मात्र दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा मुंबईकरांची तक्रार खोटी नाही. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, त्यामुळे उन्हाळा कडक आणि हिवाळाही मुंबईपेक्षा बोचरा.

प्रश्न (सोलापूर): मग इतक्या आत असूनही नागपूरला आमच्यापेक्षा जास्त पाऊस का?

उत्तर: कारण नागपूरचा पाऊस केवळ अरबी समुद्रावर अवलंबून नाही. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडमार्गे विदर्भात येतात आणि त्यांच्या वाटेत सह्याद्री आडवा येत नाही.