‘स्ट्रेंज फ्रूट’ आणि ‘रॉक अराउंड द क्लॉक’ यांचा निर्माता एकच होता का?

होय, अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ (1939) आणि रॉक अँड रोल गायक बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ (1954) ही दोन्ही ध्वनिमुद्रणे मिल्ट गॅब्लर यांनीच केली. मात्र पहिले त्यांच्या स्वतःच्या कमोडोर या तबकड्यांच्या कंपनीसाठी आणि दुसरे डेक्का या मोठ्या तबकडी-कंपनीचे नोकरदार निर्माते म्हणून. न्यूयॉर्कमधील 42व्या रस्त्यावरचे वडिलांचे दुकान त्यांनी जॅझच्या तबकड्यांचे दुकान केले, 1938मध्ये कमोडोर सुरू केली आणि 1941पासून ते डेक्कातही काम करू लागले. अमेरिकेच्या दक्षिण भागात जमावाने ठार केलेल्या कृष्णवर्णीयांवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ काढायला हॉलिडेची करारबद्ध कंपनी कोलंबिया धजावली नाही, तेव्हा तेवढ्यापुरती परवानगी घेऊन ते कमोडोरने काढले, आणि माझ्या मते गॅब्लर यांची खरी कसोटी इथेच लागली. हेलीच्या बाबतीत त्यांनी डेक्कात गायक व सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डनबरोबर घोटलेला ठेका कामी आला. 12 एप्रिल 1954 रोजीच्या ध्वनिमुद्रणात वेळेचा मोठा भाग तबकडीच्या दुसऱ्याच बाजूच्या गाण्यात गेला. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ शेवटी घाईघाईने दोनदा वाजवून घेतले, पहिल्या खेपेत वाद्यांखाली हेलीचा आवाज दबला म्हणून दोन्ही खेपा नंतर एकत्र केल्या, आणि तरी ते गाजले 1955मध्ये, एका चित्रपटात वापरल्यावर. एवढे ध्यानात ठेवावे की यांपैकी कोणत्याही गाण्याचे गॅब्लर हे गीतकार किंवा संगीतकार नव्हते. ‘स्ट्रेंज फ्रूट’ एबल मीरोपोल यांचे आहे.