तिळातले सेसमिन आणि जवसातले लिनॅटिन

प्रश्न : मी रोज एक चमचा तीळ आणि एक चमचा भाजलेले जवस खातो. तिळामुळे ई जीवनसत्त्व शरीरात अधिक टिकते, असे वाचनात आले; पण जवसातील एक द्रव्य ब-६ जीवनसत्त्व निकामी करते, असेही समजले. हे दोन्ही खरे आहे का? खरे असल्यास जवस बंद करावे का?

उत्तर : दोन्ही गोष्टींना आधार आहे, मात्र त्यांचे वजन सारखे नाही. जवस बंद करण्याचे कारण मला दिसत नाही.

आधी तिळाचे पाहू. ई जीवनसत्त्व हे एकच द्रव्य नसून चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायएनॉल अशा आठ द्रव्यांचे कुटुंब आहे. यकृतातील एक वाहक प्रथिन त्यांतून अल्फा-टोकोफेरॉल तेवढे निवडून रक्तात पाठवते. इतरांची लांब शेपटीसारखी कर्बसाखळी एका एन्झाइमच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने आखूड केली जाते आणि उरलेला तुकडा लघवीवाटे बाहेर पडतो. तिळात प्रामुख्याने असते ते गॅमा-टोकोफेरॉल, म्हणजे नेमके यकृत ज्याला फारसे थारा देत नाही ते. परंतु तिळातच सेसमिन नावाचे लिग्नानही (वनस्पतींत आढळणाऱ्या एका प्रकारचे द्रव्य) असते आणि ते साखळी तोडणाऱ्या या एन्झाइमला अडवते. म्हणून तीळ खाणाऱ्या माणसांच्या रक्तात गॅमा-टोकोफेरॉल वाढलेले आढळले आहे. तीळ स्वतः पुरवतो त्या मानाने ही वाढ मोठी असते, कारण येथे आवक वाढण्यापेक्षा जावक कमी होण्याला महत्त्व आहे.

मात्र रक्तातील पातळी वाढली म्हणजे शरीराची गरज भागली, असा अर्थ काढू नये. माणसाची ई जीवनसत्त्वाची गरज हल्ली अल्फा-टोकोफेरॉलवरूनच मोजली जाते. उंदरांवरील प्रयोगांत तिळामुळे अल्फाही वाढले, पण उंदरांचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या ताटात आणणे मला घाईचे वाटते.

जवसाची हकिकत कोंबडीच्या पिलांपासून सुरू होते. जवसाची पेंड खाणाऱ्या पिलांची वाढ खुंटत असे; पेंड पाण्यात भिजवून ठेवली, किंवा आहारात पिरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाचे एक रूप, मिसळले, की ती पुन्हा वाढू लागत. पुढे १९६७ साली यामागचे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि जवसाच्या ‘लायनम’ या शास्त्रीय नावावरून त्याला लिनॅटिन म्हटले गेले. लिनॅटिनचे विघटन झाले की अमिनो-प्रोलीन सुटे होते. ब-६चे शरीरातील कार्यकारी रूप, पिरिडॉक्सल फॉस्फेट, १०० हून अधिक एन्झाइमांना मदत करते ते आपल्या अल्डिहाइड गटाच्या, म्हणजे रेणूच्या एका क्रियाशील भागाच्या, बळावर. अमिनो-प्रोलीन नेमके त्याच गटाला चिकटते. जीवनसत्त्व शरीरात असते, पण त्याचा हातच बांधलेला असतो.

माणसाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. जवस खाणाऱ्यांमध्ये लिनॅटिनमुळे ब-६ची कमतरता निर्माण झाल्याचे आढळलेले नाही. त्या पिलांच्या आहारात पेंडीचा वाटा मोठा होता. आपण खातो तो चमचाभर, शिवाय ब-६ आपल्याला इतर अनेक पदार्थांतून मिळत असते.

बियांतील ब-६विरोधी द्रव्य माणसाला खरोखर बाधू शकते, याचे उदाहरण जिन्को वृक्षाच्या बियांचे आहे. त्यांतील द्रव्य रचनेने पिरिडॉक्सिनसारखेच असते आणि मेंदूला शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’ या द्रव्याच्या निर्मितीत अडथळा आणते. या बिया फार खाल्ल्याने, विशेषतः लहान मुलांना, झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यावर उपचार म्हणून पिरिडॉक्सिनच दिले जाते.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. बियांतील फायटिक आम्लाला पुष्कळ जण याच यादीत घालतात. ते लोह, जस्त यांसारख्या खनिजांना बांधते, ब-६ला नव्हे.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषधही पिरिडॉक्सल फॉस्फेटच्या त्याच अल्डिहाइड गटाला धरते. म्हणूनच त्याच्यासोबत डॉक्टर बहुधा पिरिडॉक्सिनची गोळी देतात. आपण हे औषध घेत असाल, तर ती गोळी चुकवू नका आणि जवस मोठ्या प्रमाणात खात असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.