टेलिंग पाँडच्या बांधातून पाणी झिरपतंय, हे धोक्याचं आहे का?

टेलिंग पाँड म्हणजे खनिज धुतल्यावर उरलेला गाळ साठवायचा तलाव. त्याचा बांध फुटेल का आणि खालच्या विहिरीचं पाणी प्यावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. गोव्यात लोहखनिजाच्या खाणीवर मी काही वर्षं अशा बांधांचीच मोजमापं घेत होते, म्हणून लिहिते.

मातीचा बांध झिरपतोच. पाणी निघून जावं म्हणून आत वाळू-खडीचा थर मुद्दाम घातलेला असतो. पायथ्याच्या चरात व्ही-नॉच, म्हणजे वाहतं पाणी मोजायची V आकाराची खाच, बसवतात. 90 अंशाच्या खाचेतून 10 सेंटिमीटर उंचीचं पाणी वाहत असेल, तर ते सेकंदाला साधारण साडेचार लिटर भरतं. पावसात पाणी वाढलं पण नितळ राहिलं, तर मी फार घाबरत नसे. थोडं असूनही गढूळ यायला लागलं की मात्र त्याच क्षणी कळवायचं, कारण ते पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय.

एका वर्षी पावसाळा सरताना व्ही-नॉचवरचं पाणी निम्म्यावर आलं. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. पण पिझोमीटरमधली, म्हणजे बांधात उतरवलेल्या नळीतली, पातळी दर आठवड्याला चढत होती. पाण्यातलं लोह हवा लागताच तांबड्या चिखलासारखं साचतं, आणि त्यानेच निचऱ्याच्या पाइपांची भोकं बुजली होती. पाणी आत कोंडलं होतं. पाइप साफ केल्यावर पातळी उतरली. म्हणून खाणीकडून माहिती मागाल तेव्हा पाझर आणि पिझोमीटर, दोन्हींच्या नोंदी तारखेवार मागा. एकटा आकडा फसवतो.

पाँड वापरात नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथल्या बांधात 2016 पासून गाळ टाकणं बंद होतं. तो 25 जानेवारी 2019 रोजी कोसळला आणि 270 माणसं गेली. बांधात पाणी उंचावर साठून राहिलं होतं, निचरा अपुरा होता.

आता विहीर. आपल्याकडचं लोहखनिज बहुतांशी ऑक्साइड, त्यामुळे पाणी आम्लधर्मी होण्यापेक्षा गाळ, लोह आणि मँगनीज यांचीच काळजी जास्त. जांभ्याच्या जमिनीत हे दोन्ही धातू मुळातच असतात, म्हणून पाँडच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी घ्या, तुलना त्याच्याशी. मे आणि ऑगस्ट, दोन्ही वेळा तपासा. पीएच विहिरीवरच मोजायचा. धातूंची बाटली प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्ल घातलेलीच आणा, नाहीतर लोह वाटेतच तळाशी बसतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरं पाणीच नसेल तर 0.3, त्यापुढे नाही.

अहवाल येईपर्यंत लहान मुलांना ते पाणी देऊ नका. उकळून मँगनीज जात नाही.