काल वड की कालवड?

प्रिय पोरी,

आशीर्वाद. तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंयस, 'चिनी वाचक चित्रं वाचतो, म्हणून त्याचा मेंदू वेगळा चालतो.' हे वाक्य आधी खोड. रागावू नकोस, एके काळी मीही ते वर्गात छातीठोकपणे ऐकवायचे.

चित्रं फार थोडी आहेत गं. 80 टक्क्यांहून जास्त चिन्हं जोडकामाची असतात. त्यातला एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. 'मा' म्हणजे आई, हे चिन्ह बघ. डावीकडे बाई, उजवीकडे घोडा. आईचा घोड्याशी काय संबंध? एवढाच की घोड्यालाही 'मा' म्हणतात, सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, तेवढा निराळा. तसाच 'छिंग' हा तुकडा. त्याला पाण्याची खूण लावली की निर्मळ, सूर्याची लावली की निरभ्र, हृदयाची लावली की भावना, बोलण्याची लावली की विनंती. चारही 'छिंग'च, सूर मात्र सगळ्यांचे एक नाहीत. आणि हाच तुकडा 'अंदाज करणे' या अर्थाच्या चिन्हात जाऊन बसला की उच्चार होतो 'त्साय'! खूण कधी खरी, कधी फसवी. सरावाचं चिन्ह असेल तर वाचणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही. क्वचित भेटणारं चिन्ह मात्र, उच्चाराची खूण खरी असेल तर, लवकर वाचलं जातं. मानसशास्त्रज्ञ सायडनबर्गने हे 1985 सालीच दाखवलं होतं.

मनातल्या मनात वाचतानाही उच्चार जागा होतो का, यावर बरीच भांडणं झाली आहेत. मला पटलेला प्रयोग 2000 सालचा. शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. 'लाल'साठी शब्द आहे 'होंग' आणि 'पूर' यासाठीही त्याच सुरातलं 'होंग', पण चिन्ह वेगळं. 'पूर'चं चिन्ह लाल सोडून दुसऱ्या रंगाच्या शाईत छापलं तरी लोक अडखळतात. पुराला रंग कुठला? आवाज आड येतो.

चिनी उजव्या मेंदूने वाचली जाते, ही गोष्टही सोडून दे. तिचं मूळ 1979 च्या एका निबंधात आहे. सुटं चिन्ह क्षणभर दाखवलं तर डाव्या दृष्टिक्षेत्रात, म्हणजे उजव्या मेंदूकडे, ते जास्त चांगलं ओळखलं गेलं. पण त्याच निबंधात दोन चिन्हांच्या शब्दांचा निकाल उलटा होता! लोकांनी सोयीचा अर्धा भाग उचलला. पुढे मेंदूच्या प्रतिमा घेता आल्या तेव्हा दिसलं की डाव्या मेंदूच्या तळाशी, मागच्या बाजूला, जो भाग इंग्रजी शब्दांना जागा होतो तोच चिनीलाही होतो. उजवी बाजू थोडी जास्त मदत करते, इतकंच.

खरं घोडं पेंड खातं ते पुढे. चिनीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. मोडीचा कागद पाहिला असशील, तिथेही सगळं सलग. आपल्याच अक्षरांत करून बघ: 'कालवडपाहिला'. आधी डोळ्यांपुढे वासरू येतं. शेवटी 'पाहिला' आलं की कळतं, कालवड असती तर 'पाहिली' असतं. म्हणजे काल वड पाहिला. चिनीत लिंगाचा हा आधारही नाही. 'ह्वा-शंग-चांग' ही तीन चिन्हं घे. पहिली दोन जोडली तर भुईमूग, शेवटची दोन जोडली तर वाढणे, पहिलं एकटं म्हणजे फूल. वाढतंय काय, फूल की भुईमूग?

मग वाचणारा आधी शब्द तोडतो आणि नंतर ओळखतो, की उलट? शिंगशान ली आणि पोलात्सेक या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेलं प्रारूप सांगतं की ही दोन कामं नाहीतच. नजरेच्या टप्प्यातल्या चिन्हांपासून होऊ शकणारे सगळे शब्द एकदम उठतात, एकमेकांना दाबतात. जो जिंकतो तो ओळखला जातो आणि त्याच क्षणी त्याच्या सीमाही ठरतात. हा निबंध सावकाश वाच, घाई करू नकोस.

नजरेचा टप्पाही छोटाच. थांबल्या जागेच्या डावीकडे एक चिन्ह, उजवीकडे तीन. तू सुचवलंयस की शब्दांमध्ये जागा सोडून बघावं, वाचन वेगाने होईल. हे 2008 मध्ये करून झालंय. जागा सोडल्याने वाचन सुधारलं नाही आणि बिघडलंही नाही. जागा भलत्याच ठिकाणी सोडली तेव्हा मात्र वाचक रखडले. मला यातला दुसरा अर्धा भाग जास्त बोलका वाटतो. कागदावर नसलेला शब्द वाचकाच्या डोक्यात पक्का होता, म्हणून तर तो तोडल्यावर त्रास झाला.

म्हणून एफएमआरआयचा हट्ट सोड. ते यंत्र मेंदूच्या रक्तपुरवठ्यातला बदल टिपतं आणि त्याला काही सेकंद लागतात. डोळा एका जागी थांबतो जेमतेम पाव सेकंद. तुझा प्रश्न वेळेचा आहे. आधी नजर टिपणाऱ्या यंत्रावर शीक, मग ईईजीकडे, म्हणजे मेंदूतले विजेचे बदल क्षणाक्षणाला टिपणाऱ्या यंत्राकडे, जा.

आणखी एक. चिन्हं फक्त मोबाइलवर टाइप करून शिकतेस, असं मागे म्हणाली होतीस. वही घे. 2005 च्या एका अभ्यासात चिनी मुलांचं वाचन त्यांच्या हाताने लिहिण्याच्या कौशल्याशी घट्ट बांधलेलं आढळलं. तुझा हातही त्या रेघांना सरावू दे.

आराखड्यात 'शब्द' हा शब्द पानोपानी आहे, पण शब्द कशाला म्हणायचं ते कुठेच नाही. शब्द नेमका कुठे तुटतो यावर खुद्द चिनी वाचकांचंही एकमत होत नाही. तुझे शब्द कोण तोडणार, तू, शब्दकोश की वाचक? एवढं ठरवून पुढचा खर्डा पाठव.

तुझ्या
बाई