संघात मोठं नाव नाही? आधी एवढं तपास

संघाच्या यादीत मोठा खेळाडू दिसला नाही म्हणून तुला आलेला राग समजतो. पुण्यात बालेवाडीला स्पर्धा बघायला जाऊ लागलो तेव्हा मीही यादी आली की लगेच 'राजकारण!' म्हणायचो. कधीकधी ते असतंही. पण सुरुवातीला हे बघ:

१. जागा किती? ऑलिंपिकमध्ये अ‍ॅथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त ३ जण. कुस्तीत वजनी गटात एकच. पुरुषांच्या फुटबॉलला तर वयाची अट.

२. निवड कशी होते? अमेरिकेची केनी हॅरिसन २०१६च्या निवड चाचणीत १०० मीटर अडथळ्यांत सहावी आली आणि रिओ ऑलिंपिक हुकलं. त्याच वर्षी जुलैत तिने लंडनला १२.२० सेकंदांचा विश्वविक्रम केला! तरी तिच्यासाठी नियम बदलला नाही. जीव तुटतो, पण मला हेच न्याय्य वाटतं. चाचणी सगळ्यांना सारखी.

३. तारखा. हांगझोऊ आशियाई स्पर्धेचं क्रिकेट चालू असतानाच, ५ ऑक्टोबर २०२३ला, आपल्याकडे वर्ल्डकप सुरू झाला. म्हणून तिकडे आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचा तरुण संघ गेला आणि सुवर्ण घेऊन आला. 'दुय्यम संघ' म्हणताना हे आठव.

नवखे हमखास विसरतात ती दुखापत. २०२२मध्ये भालाफेकपटू नीरज चोप्राने जागतिक रौप्य जिंकलं, त्याच अंतिम फेरीत जांघ दुखावली आणि राष्ट्रकुल स्पर्धा हुकली.

रँकिंगचे गुण वगैरे नंतर बघू. पुढची यादी आली की आधी निवडीचे निकष वाच, मग बोलू.